खोटी भूक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. माझ्या नातीचे, रेवाचे, आजोबा असते तरी त्यांना सांगितलं नसतं. त्यांनी मला घराबाहेर काढलं नसतं, तो स्वभावच नव्हता त्यांचा. पण माझ्या हातचं जेवणं सोडलं असतं. तेवढं मला पुरलं असतं.

मग आता का सांगते? मागच्या आठवड्यात मी एक गोष्ट पाहिली. आमच्याच स्वयंपाकघरात, भर दुपारी. ती शेवटी सांगेन. आधी सांगितली तर तुम्ही म्हणाल, एवढं काय आहे त्यात, पोरगी पोळ्या तर लाटत होती.

माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर मोठं येतं, ओळ खाली खाली घसरते. ही वही रेवाची आहे, शाळेतली रफ कॉपी. पुढे तिची गणितं आहेत, मागची पानं कोरी राहिली होती. त्यातच लिहिते आहे.

आम्ही मूळचे वर्धेकडचे. लग्न होऊन मी इथे भोपाळला आले ती कारखान्याच्या क्वार्टरात. रेवाचे आजोबा तिथे फिटर होते. निवृत्तीनंतर आनंद नगरात हे घर बांधलं, रायसेन रोडपासून आत, दोन खोल्या खाली, दोन वर. ते गेले तेव्हा रेवा सात वर्षांची होती. मुलगा अनिल सरकारी ऑफिसात, सून वर्षा दुसऱ्या सरकारी ऑफिसात. दोघं सकाळी साडेनऊला जायची, साडेसहाला यायची. मधला सगळा दिवस घर माझं आणि रेवा माझी.

आणि स्वयंपाकघर तर माझंच. वर्षा म्हणायची, आई, मी लाटते थोड्या. मी म्हणायचे, तू दमून आलीस, बस. आमच्याकडे पोळी तव्यावरून थेट पानात वाढायची पद्धत. तिघं जेवायला बसायची, मी एकेकाची लाटायची, भाजायची, वाढायची. कॉलनीतल्या बायका वर्षाला म्हणायच्या, सासू मिळावी तर अशी. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे लागेल.

रेवा अकरा वर्षांची होती, सहावीत. त्या वर्षी ती वाढायला लागली. मुली वाढतात तशी हळूहळू नाही — धरणाचं दार उघडावं तशी. उन्हाळ्यात घेतलेला शाळेचा सदरा दिवाळीला छातीवर ओढायला लागला. कपाळावर पुटकुळ्या आल्या. चपला दोनदा बदलल्या. चालताना खांदे पुढे घ्यायला लागली, जसं काही अंगावरून काहीतरी सांडेल.

आणि भूक. काय भूक होती त्या पोरीची. अडीचला शाळेतून यायची, दप्तर सोफ्यावर फेकायची आणि सरळ ओट्याशी येऊन झाकणं उचलायची. "आजी यार, खूप भूक लागली." मला आजी यार म्हणायची. इथल्या मुलांची भाषा तशीच, अर्धं हिंदी. अनिल रागवायचा, आजीला यार म्हणतात का. मला आवडायचं. मला दुसरं कोण यार म्हणणार होतं?

तीन पोळ्या खायची, वर भात, वर दही. परत पाच वाजता शेंगदाणे-गूळ. मी तिच्यासमोर बसून बघायची. खाणारं माणूस बघायला मला आवडतं. म्हणजे — आवडायचं.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू झालं.

आमच्याकडे दरवर्षी असतं. चार-पाच मराठी घरं आहेत आसपास, आणि बाकीच्या हिंदी बोलणाऱ्या शेजारणी. त्याही आता हौसेने येतात, तिळगूळ नेतात, वाण नेतात. त्या दिवशी रेवा तिळगुळाचं ताट फिरवत होती. वर्षाचा एक जुना कुर्ता घातला होता तिने, तिचे स्वतःचे कपडे बसतच नव्हते. वाटता वाटता तिनेही दोन-तीन लाडू तोंडात टाकले. समोरच्या घरातली चौरसिया भाभी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "अम्माजी, ये पोती है कि छोटी बहू ले आईं?"

सगळ्या हसल्या. रेवाही हसली. तिला काय कळलं त्यातलं? भाभी तशी वाईट नाही, तोंडाळ आहे एवढंच. पण आमच्या मागच्या गल्लीतल्या देशमुखबाई माझ्या कानाशी लागल्या. म्हणाल्या, "थोराड आहे हो नात तुमची. उष्ण खाणं बंद करा तिचं. तीळ, गूळ, शेंगदाणे, अंडी. आणि जेवणही जरा आवरा. नाहीतर बघा, सातवीतच बाजूला बसेल."

थोराड. साठ वर्षं झाली असतील मला हा शब्द ऐकून.

मी चौथी पास झाले तेव्हा मास्तर घरी आले होते. पोरगी हुशार आहे, शेजारच्या गावी पाचवीत घाला म्हणाले. माझे वडील म्हणाले, नको, थोराड दिसते, रस्त्याने जाते तर लोक बघतात. झालं. तेवढ्यावर माझी शाळा संपली. पंधराव्या वर्षी लग्न. मी याच्याआड लपायला हे सांगत नाहीये, नीट ऐका. उलट आहे. त्या शब्दाने काय होतं हे कॉलनीत कुणाला ठाऊक नसेल तेवढं मला ठाऊक होतं. आणि तरी मी देशमुखबाईंना म्हणाले नाही की माझ्या नातीबद्दल असं बोलू नका. मी म्हणाले, "हो ना, मलाही काळजीच वाटते."

काळजी कसली? मला लाज वाटली होती. चार बायकांत माझ्या नातीच्या अंगाची मला लाज वाटली. हा शब्द लिहायला मला चार दिवस लागले आहेत.

दुसऱ्या दिवशी उरलेले तिळगूळ मी डब्यात भरले आणि देवघराखालच्या फडताळात ठेवले, वातींच्या पिशवीमागे. शेंगदाणे तिथेच. गुळाची ढेप तिथेच. रेवाने विचारलं, तर संपलं म्हणाले. अनिल रविवारी अंडी आणायचा, मी म्हणाले मला वास सहन होत नाही आता. त्याने आणणं बंद केलं. दूध — निम्मं पाणी. वरून हळद घातली की रंगाने कळत नाही.

इथपर्यंत तरी, तुम्ही म्हणाल, जुन्या बायका असतातच अशा. उष्ण-थंड मानणाऱ्या. पुष्कळ घरांत होतं.

पुढचं पुष्कळ घरांत होत नसेल.

पोळ्या करणाऱ्या बाईचा हात तराजूसारखा असतो. परातीतून कणकेचा उंडा तोडला की मला बघावं लागत नाही. सगळे सारखे, पेरूएवढे. मी काय करायला लागले — रेवाच्या पोळीचा उंडा तोडायचा, आणि अंगठ्याने त्यातला निम्मा चिमटून परत परातीत टाकायचा. उरला लिंबाएवढा. अनिल-वर्षाची घडीची पोळी, तेल लावून, पदर सुटणारी. रेवाची घडी न घालता, पातळ, कागदासारखी लाटायची. पण रुंदीला तेवढीच. ताटात पडली की कुणाला फरक कळणार नाही. पोळी माणसं मोजतात. वजन कोण करतं?

वर्षा विचारायची, "आई, रेवाने दुपारी किती खाल्ल्या?"

"तीन."

खरं होतं ते. तीनच असायच्या. डब्यात दोन, दुपारी तीन, रात्री तीन. हिशेबात काही चूक नव्हती. भाताची मूदही लहान केली, वाटी बदलली. तुपाची धार ताटावरून जायची, पडायची नाही. हे सगळं त्याच हातांनी, ज्यांचं कॉलनीत कौतुक होतं.

पोरीला भूक लागायची. लागणारच. तीन पोळ्या झाल्या की ती हात तसाच ताटात ठेवून बसायची. "आजी यार, अजून भूक आहे. असं का होतंय?" तिला खरंच कळत नव्हतं. तीन खाऊन पोट भरायचं तिचं, आता का भरत नाही? तिला वाटायला लागलं, आपल्यात काही बिघडलंय.

आणि मी तिला सांगितलं — थांबा, हे नीट लिहू द्या. मी सांगितलं, "ती खरी भूक नाही गं. या वयात मुलींना खोटी भूक लागते. अंग बदलतं ना, म्हणून. तिचं ऐकायचं नसतं. पाणी पी, जाते."

हा शब्द मला कुणी शिकवला नव्हता. देशमुखबाईंनी नाही, माझ्या आईने नाही. लाटता लाटता माझ्याच तोंडातून निघाला. खोटी भूक. मी लहानपणी दुष्काळात दिवस काढले आहेत. आईने आम्हाला अंबाडीच्या भाजीवर झोपवलं आहे. भूक खोटी नसते हे मला शिकवायला कुणाची गरज होती?

रेवाने ऐकलं. शहाणी पोर होती. भूक लागली की पाणी प्यायची. पाच वाजता ओट्याशी यायची, झाकण उचलायची, परत ठेवायची. स्वतःशीच म्हणायची, "झूठी वाली आहे." जशी काही ती आणि मी मिळून कुठल्या तिसऱ्याला पकडत होतो.

असं वर्षाहून जास्त चाललं. तुम्हाला वाटेल, एवढे दिवस आईबापाला कळलं कसं नाही? ती उंच होत होती ना. उंच होणारी मुलं वाळतातच, असं सगळे म्हणतात. वर्षा सकाळी तिच्या केसांना तेल लावायची, वेणी घालायची. केस गळायला लागले तर म्हणाली, इथलं पाणी जड आहे. मी मान हलवली.

आणि ज्यासाठी हे सगळं केलं ते थांबलं का? पाळी काय माझ्या उंड्याला विचारून येणार होती? सातवीत, दिवाळीच्या सुट्टीत, ती बाथरूममधून मला हाक मारत होती. वर्षा ऑफिसात. मी गेले. ती एका कोपऱ्यात उभी होती, पांढरी पडलेली. मी कपडे दिले, सगळं सांगितलं, तसं बोलताना मी कठोर नव्हते. मग तिने विचारलं, "आजी, मी शेंगदाणे खाल्ले होते म्हणून झालं का?"

तिला फडताळ सापडलं होतं. कधी, कसं, मला कळलं नव्हतं. ती तिथून मूठभर शेंगदाणे काढून खात होती आणि मला वाटत होतं उंदीर लागले. आणि तिथे का ठेवलेत हेही तिच्या लक्षात आलं असणार, देशमुखबाईंचं बोलणं ताट फिरवताना तिने ऐकलं असणार. ती रडत नव्हती. उत्तर हवं होतं तिला, एवढंच.

नाही म्हणायला किती वेळ लागतो? सगळ्यांनाच येते बाळा, तू काही केलेलं नाहीस. एवढं एक वाक्य.

मी म्हणाले, "हो. सांगितलं होतं ना."

मला वाटतं, मला हरल्याचा राग आला होता. तिच्यावर काढला. आणि उंडा तेव्हाही मोठा केला नाही. आता कशाला लहान ठेवायचा होता? देशमुखबाई म्हणाल्या ते तर झालंच होतं. पण हाताला सवय लागली होती, आणि — हे जास्त खरं आहे — बदलला असता तर आधी लहान होता हे मला मान्य करावं लागलं असतं. निदान स्वतःशी.

रक्त जायला लागलं आणि भरून निघायला पोटात काही नव्हतं. फेब्रुवारीत शाळेतून फोन आला. सकाळी प्रार्थनेच्या रांगेत ती पडली होती. हनुवटी फुटली, दोन टाके. अनिल-वर्षा धावत गेली. संध्याकाळी बाजाराजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे तिला नेलं, मीही गेले. मी का गेले? घरी बसवेना.

डॉक्टरीणबाई तरुण होती. रेवाची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली. दुपारी तपासलेल्या रक्ताचा कागद बघून म्हणाली, "खून तो बहुत ही कम है. खाना क्या खाती है?"

वर्षा म्हणाली, "तीन रोटी एक टाइम. दूध भी पीती है."

"फिर ऐसा कैसे?" ती रेवाकडे वळली. "बेटा, भूख लगती है?"

रेवा म्हणाली, "झूठी वाली लगती है."

"झूठी वाली मतलब?"

रेवाने माझ्याकडे बघितलं. तक्रार करायला नाही. शाळेत उत्तर आठवलं नाही की मूल बाईकडे बघतं तसं — तू सांग ना, तुला नीट येतं.

डॉक्टरीणबाईही माझ्याकडे बघायला लागली. वर्षाही. अनिलही. त्या खोलीत पंखा चालू होता, भिंतीवर दातांचं चित्र होतं. मी एवढं सगळं बघितलं, म्हणजे वेळ होता माझ्याकडे. अचानक तोंडातून निघालं असं मी म्हणू शकत नाही.

मी म्हणाले, "कुछ नहीं डॉक्टर साहब, आजकल की लड़कियाँ. पतली होने का शौक चढ़ा है. टिफिन फेंक के आती है."

हा तो माझा गुन्हा. पोळ्यांचा एक, आणि हा एक. मला विचाराल तर हा मोठा.

वर्षाचा चेहरा बदलला. ती दिवसभर कारणं शोधत होती, हे कारण तिला मिळालं. डॉक्टरीणबाईने रेवाला चांगलं समजावलं, ओरडली नाही. म्हणाली, या वयात हाड बनतं, रक्त बनतं, अंग बदलतं, पोटाने मागितलं की द्यायचं. "भूख लगेगी ही, बेटा. लगनी चाहिए. कोई भूख झूठी नहीं होती." रेवाने ऐकलं. खाली मान घालून ऐकलं. मग एकदा वर बघितलं, परत माझ्याकडे. या वेळी वेगळं बघितलं.

ती म्हणाली नाही की मी टिफिन फेकत नाही. म्हणू शकली असती. आई शेजारी, बाप शेजारी, डॉक्टर समोर. म्हणाली नाही. तिने मला वाचवलं — तेरा वर्षंसुद्धा पुरी नव्हती ती, आणि मी सत्तरीला टेकलेली बाई.

घरी येताना ऑटोत वर्षा तिला फार बोलली. तुझ्यासाठी आजी या वयात तासन्तास ओट्याशी उभी राहते आणि तू फेकतेस? लाज नाही वाटत? रेवा बाहेर बघत होती. हनुवटीला पट्टी होती. मी दोघींच्या मध्ये बसले होते आणि माझा हात रेवाच्या गुडघ्यावर होता. तिने तो बाजूला केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरीणबाईने खाण्याचा कागद दिला होता. वर्षाने तो फ्रिजवर लावला. डाळ, पालेभाजी, अंडं, दूध, गूळ-शेंगदाणे, तीळ, खजूर. एकेक ओळ मी वाचली. मी फडताळात जे जे कोंडलं होतं त्याची यादीच होती ती. त्याच संध्याकाळी मी सगळे डबे बाहेर काढून ओट्यावर मांडले. कुणी विचारलं नाही कुठे होते.

दुसऱ्या दिवशी मी तिची पोळी पुऱ्या उंड्याची केली. घडी घालून, तेल लावून, वर तूप. ताटात वाढली. तिने ती उचलली, तळहातावर घेतली, थोडा वेळ तशीच धरली. मग म्हणाली, "आजी, आज जाड झाली."

एवढंच. यार नाही म्हणाली. त्यानंतर कधीच म्हणाली नाही.

तिने ती मधोमध तोडली आणि निम्मी माझ्या ताटात ठेवली. तेव्हापासून ती निम्मंच खाते. गोळ्यांनी रक्त भरलं, केस परत आले, दिसायला चांगली झाली. लोक म्हणतात सुरेख बांधा आहे. पण जेवायला बसली की आधी थांबते. तुम्ही बघाल तर तुम्हाला कळणार नाही, क्षणभराचं असतं ते. मला कळतं. आतून काहीतरी आलं आहे आणि ती त्याला विचारते आहे, तू खरी की खोटी?

आणि माझं ते वाक्य — ते घरात राहिलं. रेवाच्या मावशीच्या मुलीच्या लग्नात अनिल पंगतीत सांगत होता, आमच्या रेवाला सातवीत डाएटचं खूळ होतं, टिफिन फेकायची, शाळेत पडली तेव्हा अक्कल आली. सगळे हसले. रेवाही हसली, जशी त्या संक्रांतीला हसली होती. फक्त तेव्हा तिला कळलं नव्हतं. नवीन कुणी पाहुणा आला की वर्षा म्हणते, हिचं पहिल्यापासून खाण्याचं नाटकच आहे. पहिल्यापासून. पहिल्यापासून काय होतं ते मी बघितलं आहे, झाकणं उचलणारे तिचे दोन हात. मी दरवेळी तिथेच बसलेली असते. सुपारी कातरत असते, नाहीतर पदर नीट करत असते. एकदाही तोंड उघडलं नाही. किती वेळा संधी आली असेल? मोजली नाही. मोजायची हिंमत नाही.

रेवा आता वीस वर्षांची आहे. इंदूरला शिकते, हॉस्टेलवर राहते. मागच्या आठवड्यात चार दिवस आली होती. माझी बोटं आता वळत नाहीत, उंडा धरता येत नाही. वर्षाने बाई लावली होती, पण बाई सुट्टीवर. तर रेवा म्हणाली, मी लाटते, तुम्ही दोघी बसा. रविवार होता. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन थेट ओट्यावर पडलं होतं.

पहिली पोळी मला वाढली. मोठी, घडीची, तीन पदर सुटलेली, तूप बोटाला लागेल एवढं. मी म्हातारी, अर्ध्या पोळीत माझं होतं. पण खाल्ली. तिने विचारलं, "आजी, अजून एक?"

"नको गं. पोट भरलं."

"नक्की? खोटं तर नाही ना?"

हसत म्हणाली. मला वाटतं, हसतच म्हणाली. माझी पाठ तिच्याकडे होती. मी वळून बघितलं तोवर ती परातीकडे वळली होती.

मग वर्षाची झाली. मग तिने स्वतःसाठी घेतली. परातीतून उंडा तोडला, चांगला पेरूएवढा. तिचं तिकडे लक्षही नव्हतं. आईशी बोलत होती, कुठल्याशा मैत्रिणीचं लग्न ठरलंय, साडी कुठली नेसू. बोलता बोलता अंगठ्याने त्या उंड्यातला निम्मा चिमटला आणि परत परातीत टाकला. उरलेला लाटला. घडी न घालता, पातळ, कागदासारखा. रुंदीला आमच्या पोळीएवढाच.

मी तिला पोळ्या लाटायला कधी शिकवलं नव्हतं.